व्हीटीला उतरलेल्या माणसानं जेवायचं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत मुंबईत बाहेर कुठं खायचं यावर पान भरून मजकूर आला होता. फोटो छान होते, पण ठिकाणं सगळी बांद्रा, बीकेसी आणि लोअर परळची, म्हणजे संध्याकाळी गाडी काढून चार मित्रमैत्रिणींनी मिळून जायची. आमच्या सातारा जिल्ह्यातला माणूस मुंबईला असा जात नाही हो. तो रात्री उशिरा माहुलीच्या स्टेशनवर महालक्ष्मी पकडतो, सकाळी सात-साडेसातला व्हीटीला उतरतो, काखेत फाईल, हातात पिशवी, मग दिवसभर मंत्रालय नाहीतर कोर्ट नाहीतर कुठल्यातरी बँकेचं हेड ऑफिस, आणि रात्री आठच्या पुढं परत तीच गाडी धरून पहाटे माहुलीला. म्हणजे बारा-तेरा तास त्या फोर्टात काढायचे, त्यात तीन वेळा पोटाला काहीतरी घालायचं, आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर बसायला खुर्ची पण पाहिजे. या माणसानं कुठं खावं हे कोणी लिहीतच नाही, म्हणून मी लिहायला बसलेय, पत्र लांबलं तर लांबू द्या पण कापू नका ही विनंती.

मला हे माहिती कसं, तर आमच्या जमिनीच्या मोबदल्याचं अपील हायकोर्टात होतं, आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन सहा वर्षांत माझ्या वीस-बावीस खेपा झाल्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या केसेस तिकडं गेल्या, त्यात आमची पण गेली. फार बरं झालं, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. पण मंत्रालय काही कोल्हापूरला आलेलं नाही, आझाद मैदान पण मुंबईतच आहे, त्यामुळं आपली माणसं फोर्टात जायची थांबणार नाहीत. मी सहा वर्षांत जे शिकले ते माझ्या वहीतच राहिलं तर काय उपयोग.

आधी एक सांगते, म्हणजे मी एवढं कळवळून का लिहितेय ते कळेल. आबांच्या तरुणपणी मुंबईत जेवायचं कुठं हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडच्या गावागावांची मुंबईत गावकीची खोली असायची, गाळा म्हणायचे त्याला, मस्जिद बंदर, डोंगरी, माझगाव त्या बाजूला. पाटण, जावळी, कोरेगाव इकडची माणसं दाणाबंदरात पाठीवर पोती वाहायची, अण्णासाहेब पाटील पण पाटण तालुक्यातलेच, त्यांच्या लढ्यातून १९६९ ला माथाडी कायदा झाला. कोण गिरणीत होतं ते परळ-लालबागला. आणि या सगळ्या एकट्या माणसांना जेवू घालायला खानावळी होत्या, बहुतेक बायकाच चालवायच्या, महिन्याच्या बोलीवर, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं पंगत बसायची, एक पंगत उठली की दुसरी. १९७५ ला प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, नाहीतर त्या बिचाऱ्या सावकाराला व्याज भरण्यातच संपायच्या. गावाकडून कोणी कामाला आलं की गाळ्यावर अंघोळ, खानावळीत जेवण, रात्री गाडीत बसवून द्यायला दोघं स्टेशनपर्यंत यायची. आबा अजून सांगतात की खानावळीतल्या मावशी गावाकडचा माणूस आला म्हटल्यावर त्याच्या ताटात कालवणाची एक पळी जास्त घालायच्या आणि घरी कोण कोण आहे, पाऊस झाला का, विहिरीला पाणी किती, सगळं विचारायच्या.

ते सगळं गेलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, धान्याचा आणि कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला गेला, माथाडी कोपरखैरणे-घणसोलीला राहायला गेले. आमचे चुलते पण कोपरखैरण्याला आहेत, आपुलकीनं बोलावतात, पण व्हीटीवरून जायला सव्वा-दीड तास आणि यायला तेवढाच, अकराला कोर्टात उभं राहायचं असेल तर कसं जाणार? म्हणून आपला माणूस आज फोर्टात खऱ्या अर्थानं परका झालाय. भूक लागली की स्टेशनच्या बाहेर उभ्यानं काहीतरी खातो, पाणी पण कमी पितो, आणि संध्याकाळी डोकं धरून गाडीत बसतो. पहिल्या चार-पाच खेपांना आम्ही हेच केलं.

आता सकाळचं सांगते. व्हीटीच्या समोर कॅपिटॉल सिनेमाची जुनी बिल्डिंग आहे, तिथं खाली आराम आहे, १९३९ पासूनचं, मराठी माणसाचं. वडापाव त्यांचा नावाजलेला, आणि आपल्या तोंडाच्या चवीचे पदार्थ मिळतात, गाडीतनं उतरल्या उतरल्या ओळखीचं काहीतरी पोटात गेलं की बरं वाटतं. दुसरं पंचम पुरीवाला, स्टेशनसमोरच बाझारगेटच्या रस्त्याला, फार जुनं, शंभर वर्षांच्या कितीतरी वरचं. तिथं पुरीभाजी. स्टीलच्या ताटलीत टम्म फुगलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची पातळ रस्साभाजी, जागा अरुंद, टेबलं एकमेकाला लागून, शेजारी कोण बसेल सांगता येत नाही, पण पुरी कढईतनं थेट ताटात येते आणि पोट भरतं. ज्याला दुपारी जेवायला मिळेल का नाही याची खात्री नाही त्यानं सकाळी पुरीभाजीच खावी असं माझं मत आहे, वडापाव अकरापर्यंत जिरतो.

पण म्हातारं माणूस बरोबर असेल आणि थोडा वेळ असेल तर इराण्याकडं जा. व्हीटीपासून मेट्रो सिनेमाच्या दिशेनं चालत गेलं की धोबीतलावला कयानी आहे, १९०४ चं, मुंबईत शिल्लक राहिलेल्या सगळ्यात जुन्या इराण्यांपैकी, सकाळी लवकर उघडतं. लाकडी खुर्च्या, चौकड्याचं टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत बिस्किटं, मावा केक. त्याच भागात ससानियन पण आहे, १९१३ चं. इराण्यांची हॉटेलं बहुतेक कोपऱ्यावरच का असतात तर म्हणे आपल्या लोकांना कोपऱ्यावरची दुकानाची जागा अशुभ वाटायची म्हणून ती यांना मिळाली, असं जुनी माणसं सांगतात. दोन बाजूंनी उजेड येतो, वारा येतो, आणि चहा घेऊन अर्धा तास बसलं तरी कोणी उठवत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. फाईल काढून कागद लावायला टेबल मिळतं.

एक प्रसंग मनातनं जात नाही तो सांगते. दुसऱ्याच खेपेला आम्ही एका इराण्याकडं गेलो, आबा आयुष्यात पहिल्यांदाच. मी ऐकलेलं म्हणून ब्रून मस्का मागवला. ब्रून म्हणजे वरनं अगदी कडक पाव, सुरी फिरवली की चरचर आवाज येतो, आत लोण्याचा जाड थर. आबांचे वरचे दात सगळे गेलेले. त्यांनी एक तुकडा तोंडात धरला, चावेना, बाहेर काढायची लाज वाटली म्हणून तसेच बसून राहिले, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. वाढणारा म्हातारबाबा लांबून बघत होता, तो काही न बोलता आला, ती बशी उचलली, आत गेला आणि मऊ बनपाव, लोणी लावून, चार बोटं रुंदीचे तुकडे करून घेऊन आला, आणि आबांच्या चहाच्या कपात एक तुकडा बुडवून दाखवला, असं खायचं बाबा, म्हणाला. दोघांचं वय सारखंच असेल. बिलात ब्रून नव्हताच लावलेला, मी विचारलं तर हात हलवला. हॉटेल म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं, नुसती चव नाही. खानावळीतल्या मावशीच्या हातातली ती एक पळी जास्त म्हणजे हेच.

नाश्ता झाला की चालत कोर्टाकडं. व्हीटीपासून हायकोर्ट पंधरा-वीस मिनिटं, म्हाताऱ्याच्या चालीनं अर्धा तास धरा. आणि इथं आमच्या सातारकरांसाठी एक गोष्ट आहे. हायकोर्ट आणि ओव्हल मैदानाजवळनं जो रस्ता जातो त्याला कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग नाव आहे, पूर्वीचा मेयो रोड. मी रयतच्या शाळेत शिकलेली. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी रस्त्यात थांबले आणि आबांना वाचून दाखवली. ज्या माणसानं सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवून बोर्डिंग चालवलं, पोरांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा ज्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्र सुद्धा दिलं, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर त्यांच्याच जिल्ह्यातली माणसं जेवायचं कुठं म्हणून बावरून उभी असतात हे मला फार लागतं.

दुपारचं जेवण हा खरा प्रश्न. कोर्टाला दीडला सुट्टी होते आणि सगळं फोर्ट एकाच वेळी बाहेर पडतं, वकील, कारकून, बँकवाले, पक्षकार. आम्हाला मार्ग दाखवला तो वकिलांच्या कारकुनानं. साताऱ्याचे कंदी पेढे नेऊन दिले तेव्हा तो म्हणाला, ताई, मोठ्या बोर्डाच्या हॉटेलात जाऊ नका, जिथं बाहेर 'राईस प्लेट तयार आहे' असं लिहिलंय आणि आत काळे-पांढरे कपडे घातलेली माणसं गर्दीनं बसलीत तिथं शिरा. फोर्टातल्या आतल्या गल्ल्यांत उडप्यांची अशी बरीच हॉटेलं आहेत. राईस प्लेट म्हणजे चपात्या नाहीतर पुऱ्या, दोन भाज्या, आमटी, भात, दही किंवा ताक, पापड, झालं पूर्ण जेवण. नुसतं थोडं आधी, एक-सव्वाला पोचायचं, जागा मिळते, अडीचपर्यंत थांबलं तर भाजी संपलेली असते. काही ठिकाणी उभ्यानं खायचा भाग वेगळा आणि स्वस्त असतो, तरुण माणसाला चालतं. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही, उलट आम्हाला तर तिथंच सांगलीचे एक काका भेटले, बेदाण्याच्या व्यवहाराची केस, पुढं चार तारखांना आम्ही बरोबरच जेवलो.

ज्याला मासे पाहिजेत त्याला फोर्टात प्रदीप गोमंतक सारखं घरगुती ठिकाण आहे, मोठा खर्च करायचा असेल तर महेश लंच होम, अपूर्वा ही मंगलोरी पद्धतीची आहेत, आम्ही तिथं एकदाच गेलो आणि ते पण आमच्या भावानं बिल दिलं म्हणून, चव उत्तम होती. खिमा-पावाची ओढ असेल तर कॅफे मिलिटरी, १९३३ पासूनचं. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया आहे, १९२३ चं, पारशी-इराणी, बेरी पुलाव म्हणजे भातावर इराणातनं येणारी लालबुंद आंबट बेरी पसरलेली. फक्त दुपारीच चालू असतं आणि महाग आहे, पण आयुष्यात एकदा जावं, उंच छत आणि जुन्या भिंती बघूनच मन शांत होतं. काळबादेवीला ठक्कर भोजनालय, १९४५ चं, गुजराती थाळी, वाढणारे थांबतच नाहीत, फुलका संपायच्या आत दुसरा. थाळीचा दर आपल्याकडच्या मानानं बराच आहे आणि जिना चढून वर जावं लागतं, आबांना तो जमला नाही, म्हणून मी आणि भाऊ गेलो आणि त्या दिवशी मला घास गोड लागला नाही. पुरवणीत लिहिताना जिना आहे का हे लिहा हो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चवीच्या आधी ते माहिती पाहिजे.

मिसळ पाहिजे तर गिरगावात ठाकुरद्वारला विनय हेल्थ होम. आमच्या साताऱ्याच्या मिसळीसारखी झणझणीत नाही, पण नीट केलेली असते. उपवास असेल तर गिरगावात पणशीकर. गिरगाव फोर्टापासून लांब वाटतं पण मरीन लाइन्स नाहीतर चर्नी रोडला उतरलं की चालत जाता येतं, आणि मराठीत ऑर्डर देता येते, हा मोठा आधार असतो.

आता जे वाईट झालं ते पण लिहिते, नाव घेत नाही. तिसऱ्या का चौथ्या खेपेला फार उकडत होतं, आबांना चक्कर आल्यासारखं झालं म्हणून समोर दिसलं त्या एसी हॉटेलात शिरलो. बसल्या बसल्या न विचारता पाण्याची बाटली फोडली. आम्ही दोन साधी जेवणं घेतली. बिल आलं त्यात बाटली छापील किमतीच्या दुप्पट, दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर परत जीएसटी. मी विचारलं सर्व्हिस चार्ज कशाचा, तर मॅनेजर म्हणाला सगळीकडं असतो, आणि असं बघितलं की आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. आबा म्हणाले दे गं, चल. दिले पैसे. आबा दिवसभर बोलले नाहीत, रात्री गाडीत म्हणाले माझ्यामुळं तुला भुर्दंड बसला.

नंतर मी माहिती काढली, ती सगळ्यांना असावी म्हणून देते. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सूचना काढल्यात की हॉटेलनं तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानं पण नाही, आणि नाही दिला तर आत घ्यायचं नाही असं पण करता येत नाही. हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले होते, दिल्ली हायकोर्टानं २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जीएसटी साध्या हॉटेलात ५ टक्के असतो, आणि ज्या छोट्या हॉटेलानं कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची वेगळी सोय, घेतलीय त्याला तर गिऱ्हाइकाकडनं तो वेगळा लावताच येत नाही, तसं त्याच्या बिलावर छापलेलं असायला लागतं. पाण्याचं मात्र सांभाळा, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, म्हणून बसल्या बसल्याच साधं पाणी द्या, बाटली उघडू नका असं म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं, त्यात कमीपणा नाही.

बायकांचं वेगळं सांगायला पाहिजे. मी, माझी जाऊ, आमच्या वाडीतल्या आशाताई, आम्ही मुंबईला जायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासनं पाणी कमी पितो. कारण तुम्हाला सांगायला नको. बायकांना स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून राईट टू पी ची चळवळ मुंबईत २०११ ला सुरू झाली, तेव्हापासून थोडं सुधारलं असेल, पण फोर्टात नवख्या बाईला चालू आणि स्वच्छ संडास कुठं आहे ते पटकन सापडत नाही. म्हणून आमच्यासाठी हॉटेल म्हणजे आधी बसायची आणि हात-पाय धुवायची जागा, मग जेवण. हातगाडीवर पंधरा रुपयात भागलं तरी ही सोय होत नाही. माझ्या वहीत प्रत्येक हॉटेलपुढं मी एक खूण केलीय, बाईनं एकटीनं जावं का, वॉशरूम आहे का, ती उघडी असते का. तुमच्या पुरवणीत तारे देतात तसं हे पण द्यायला काय हरकत आहे?

ज्याच्याकडं तेवढे पण पैसे नाहीत त्याचं काय? १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती, आबा तिची आठवण काढतात. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं, दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात, शहरातल्या केंद्राला एका थाळीमागं पन्नास रुपये धरलेले, दहा गिऱ्हाइकाचे आणि बाकी सरकारचे. चांगली योजना, पण फोर्टात कामाला आलेल्या माणसाला जवळचं केंद्र कुठलं हे सांगणारा एक बोर्ड तरी व्हीटीच्या बाहेर मोठ्या अक्षरात पाहिजे की नाही? २९ ऑगस्ट २०२५ ला आझाद मैदानावर मराठा आंदोलन सुरू झालं तेव्हा पोरांच्या जेवणाचे हाल झाले म्हणून गावोगावहून भाकरी, ठेचा, चटणी गाड्या भरून गेल्या, आमच्या गल्लीतनं पण गेल्या, मी स्वतः दोन दिवस भाकऱ्या थापल्यात. पण अंगणवाडीच्या बाया, आरोग्य खात्याच्या आशा सेविका, शिक्षक, हे पण त्याच मैदानावर जाऊन बसतात, त्यांच्यामागं गाड्या जात नाहीत. त्यांना तिथनं पाच मिनिटांवर परवडेल असं काय आहे ते माहिती पाहिजे.

संध्याकाळी काम आटपलं आणि गाडीला वेळ असला की क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाह, १९०५ चं, फालुदा. आबांना फालुदा फार आवडला, सब्जा दाताखाली येत नाही म्हणाले. तिथनं व्हीटी चालत जवळ. रात्रीचं जेवण मात्र गाडीत बसायच्या आत करून घ्या नाहीतर बांधून घ्या. आम्ही घरनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचो, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, ती रात्रीला ठेवायचो.

अजून एक मनात आहे. ही ठिकाणं एक एक करून बंद होताहेत. खोताच्या वाडीतला अनंताश्रम गेला, कयानीच्या समोर बस्तानी होतं ते गेलं, जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार २०१५ ला बंद झालं. जागेला भाव एवढा आलाय की तीस रुपयाच्या चहावर अर्धा तास बसू देणारा माणूस किती दिवस टिकणार? जी उरलीत तिथं आपल्या माणसांनी जावं, नाव घेऊन जावं, पुढच्याला सांगावं. पेपरनं लिहिलं तर चार गिऱ्हाइकं जास्त जातील.

म्हणून माझी मागणी एवढीच की पुरवणीत महिन्यातनं एकदा अर्धं पान कामासाठी मुंबईला जाणाऱ्या माणसासाठी द्या. व्हीटी, चर्चगेट, मंत्रालय, आझाद मैदान, कोर्ट, या पाच ठिकाणांपासून चालत किती मिनिटं, साधं जेवण कितीला, बसायला मिळतं का, जिना आहे का, बाईमाणसाची सोय काय, किती वाजता उघडतं आणि कधी बंद. तुमचे वार्ताहर मुंबईत आहेतच, त्यांनी एकदा फिरून दर बघावेत कारण माझ्या वहीतले दर जुने झालेत. पुण्याचं पण असंच करता येईल, ससूनला आणि तिथल्या ऑफिसांना आपली माणसं रोज जातात. माझी वही मी झेरॉक्स करून तुमच्या सातारा ऑफिसला आणून देते, सोमवारी किंवा मंगळवारी, कोणाकडं द्यायची ते फक्त कळवा.

आपली नियमित वाचक,
एक शेतकरी कुटुंबातली बाई,
सातारा

ता.क. – रविवारी फोर्टातली बरीच हॉटेलं बंद असतात. सोमवारच्या तारखेसाठी कोणी रविवारीच जाऊन राहणार असेल तर त्या दिवशी गिरगाव नाहीतर काळबादेवीच्या बाजूला जेवा, आणि ठक्करला जाणार असाल तर आधी फोन करून वेळ विचारा.